देणगीदार कैलासवासी

नोटीस मेलेल्या माणसाला आली होती, आणि ती घेऊन त्याचा जिवंत मुलगा माझ्या टेबलासमोर घाम पुसत बसला होता.

"अक्का, आमच्या अप्पांस्नी इन्कम टॅक्सनं पत्र धाडलंया."

"अप्पा कधी गेले?"

"सहा वर्सं झाली की."

"मग घाबरताय कशाला? त्यांना धरून नेणार कुठनं?"

मी हसले. तो हसला नाही. आणि मग मी शिंकले, माझी असिस्टंट शिंकली, शेजारच्या विमा एजंटाच्या ऑफिसातूनही तीन शिंका आल्या. शिवानंद मगदूम आले की हे व्हायचंच. त्यांचं गडहिंग्लजला मिरचीचं दुकान आहे. माणूस कितीही पांढराशुभ्र शर्ट घालून आला तरी त्याच्या खिशात, बाहीत, भुवयांत मिरची असते. एकदा ते जुलै महिन्यात माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून नुसते खोकले, आणि आयकराचं पोर्टल दोन दिवस बंद पडलं. योगायोग असेल. पण मी तेव्हापासून त्यांना टेबलाच्या पलीकडं बसवते.

माझी ओळख थोडक्यात. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं ऑफिस आहे. तीस वर्षं टॅक्सची प्रॅक्टिस करते. आवाज मोठा आहे. मी फोनवर बोलत असते तेव्हा पलीकडच्या माणसाला फोनची गरज असतेच असं नाही. कळंब्याच्या जेलमधल्या एका कैद्यानं माझा अॅडव्हान्स टॅक्सचा सल्ला बराकीत बसून ऐकला आणि सुटल्यावर पहिलं काम रिटर्न भरण्याचं केलं, असं लोक सांगतात. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

तर अण्णा. शिवानंदना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो, आणि सीमाभागातल्या रीतीनं ते मला अक्का म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. वयानं ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, पण हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

मी पत्र वाचलं. हल्ली असली पत्रं ईमेलवर येतात. अप्पांना ईमेल नव्हता, म्हणून सरकारनं पोस्टमन धाडला. पत्र अगदी अदबीनं लिहिलेलं होतं. 'श्री. मल्लाप्पा बसाप्पा मगदूम, आपण गेल्या आर्थिक वर्षात चार लाख रुपयांची देणगी दिल्याचं आमच्या माहितीत आहे. मात्र आपलं रिटर्न दिसत नाही. कृपया खुलासा करावा.'

"अण्णा, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसानं गेल्या वर्षी चार लाख कसे दिले?"

"मीच दिलो की. अप्पांच्या नावानं."

मी पत्र पुन्हा वरपासून वाचलं. कारण त्याच चार लाखांवर मी अण्णांच्या रिटर्नमध्ये सूट मागितली होती.

इथं थोडं समजावून सांगते. धर्मादाय संस्थेला देणगी दिली तर आयकरात सूट मिळते. त्या कलमाचं नाव ८०जी. संस्था खात्याकडं नोंदलेली पाहिजे. दोन हजारांच्या वर रोख दिलेली चालत नाही, चेक किंवा ऑनलाइन पाहिजे. वस्तू दिलेली चालत नाही. आणि ज्यांनी ओल्ड रेजीम, म्हणजे कराची जुनी पद्धत, धरून ठेवलीय त्यांनाच हे मिळतं. साधारणपणे दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर सूट. एवढंच.

पण कोल्हापूरचा माणूस इतका दिलदार, की एवढ्यावर थांबला तर शपथ. माझ्याकडं एका वस्तादानं तालमीतल्या पोरांना वर्षभर पाजलेल्या दुधावर ८०जी मागितलं होतं. "दूध म्हंजे दान न्हवं व्हय?" असं विचारलं, आणि दुधाची बिलं नव्हती म्हणून पुराव्यादाखल दोन पैलवान आणून माझ्या ऑफिसात उभे केले. त्यांच्या मांड्या दारातून आत येईनात म्हणून एक फळी काढावी लागली. दुसऱ्या एका गृहस्थांनी मित्रांना चारलेल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा हिशेब 'अन्नदान' म्हणून आणला होता. हे सगळे मी परतवून लावले. अण्णांचं मात्र सरळ प्रकरण होतं. गावातल्या दवाखान्याच्या ट्रस्टला त्यांच्याच खात्यातून ऑनलाइन चार लाख गेले होते. बँकेचं स्टेटमेंट स्वच्छ. व्हॉट्सअॅपवर सर्टिफिकेटचा फोटो. रक्कम बरोबर, ट्रस्ट बरोबर, नंबर बरोबर. मी जुलैच्या गर्दीत तो नंबर टाकला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

नाव मी वाचलं नव्हतं.

तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. म्हणजे झाली असेल, पण तेव्हा कुणी मेलेला माणूस तक्रार करायला आला नव्हता.

मी आता तो फोटो पुन्हा उघडला, मोठा केला. देणगीदाराचं नाव: मल्लाप्पा बसाप्पा मगदूम. पॅनही त्यांचाच.

"पॅन कुठनं आला यांचा?"

"अप्पांच्या ट्रंकेत हुता. मीच दिलो गुरुजींस्नी. दान अप्पांचं, मग पॅनबी अप्पांचाच न्हवं?"

एवढ्यात अण्णांनी खिशातून दुसरा कागद काढला. तो त्यांच्या स्वतःच्या नावानं आलेला होता. त्यात म्हटलं होतं की तुम्ही मागितलेली सूट आमच्याकडच्या देणगीदारांच्या यादीशी जुळत नाही, तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर ती काढून टाकू.

"हे कधी आलं?"

"झाले असतील की धा-बारा दिवस. आधी अप्पांचं काम करावं म्हटलं. वडीलमाणूस."

सूट गेली तर साठ हजारांच्या वर रिफंड जाणार होता. रक्कम ऐकून अण्णा नुसते बसून राहिले. मिरचीवाला माणूस, दर पडला तरी ओरडतो, दर चढला तरी ओरडतो. गप्प बसला म्हणजे काहीतरी खोल होतं. मी चहा मागवला.

मग कळलं ते असं. अप्पांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना गावच्या याच दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी हृदयाचा आलेख काढायला पाहिजे, ईसीजी. मशीन नव्हतं. गडहिंग्लजला न्यायला जीप काढली. अप्पा निम्म्या वाटेत गेले. तेव्हापासून अण्णांच्या आईनं, म्हणजे अव्वानं, एकच धरून ठेवलं होतं: मालकांच्या नावानं दवाखान्यात हृदयाची खोली झाली पाहिजे. चार लाखांत खोली झाली. मशीन राहिलं. त्या वर्षी मिरचीचा दर पडलेला, पोती कोल्ड स्टोरेजमध्ये अडकलेली. रिफंड आला की मशीन, असं अण्णांनी सांगून टाकलं होतं. कोल्हापूरच्या डीलरनं महिनाअखेरपर्यंत मशीन बाजूला काढून ठेवलं होतं.

"खोलीत आता काय आहे?" मी विचारलं.

"पंखा हाय. आन् अप्पांचा फोटू."

मी त्याच वेळी ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोन लावला. नाईक गुरुजी. निवृत्त हेडमास्तर. अक्षर असं की त्यांच्या पावतीपुढं लग्नपत्रिका फिकी पडावी.

"गुरुजी, टेन बीडी तुम्हीच भरलं का?"

टेन बीडी म्हणजे ट्रस्टनं दरवर्षी पोर्टलवर भरायची यादी. कुणी किती दिलं, त्याचं नाव, त्याचा पॅन. यादी भरली की पोर्टल प्रत्येक देणगीदाराच्या नावानं सर्टिफिकेट काढून देतं. त्याला टेन बीई म्हणतात. सर्टिफिकेटवर ज्याचं नाव, सूट त्यालाच. खात्याला बाकी काही दिसत नाही.

"मीच भरलं," गुरुजी म्हणाले. "एकही चूक नाही. पावतीपुस्तकाशी तीन वेळा ताडून पाहिलं."

"पण मल्लाप्पा हयात नाहीत."

"ते मला माहीत आहे, मॅडम. मी खांदा दिलाय."

"मग त्यांचं नाव कसं टाकलं?"

"पावती त्यांच्या नावानं आहे. यादी पावतीप्रमाणं. नियमाप्रमाणं."

मला एक शंका आली. "गुरुजी, यादीत एकूण देणगीदार किती?"

"एक्केचाळीस."

"त्यातले हयात किती?"

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"चार," गुरुजी म्हणाले.

मी खुर्चीतून उठले. जगात असा दवाखाना दुसरा नसेल, जिथं पेशंट सगळे जिवंत आणि देणगीदार सगळे कैलासवासी!

"आमच्या गावात जिवंत माणूस स्वतःच्या नावानं दान करत नाही, मॅडम," गुरुजींनी मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. "मिजास दिसते. आजोबाच्या नावानं, वडलांच्या नावानं, फार तर गेलेल्या म्हशीच्या दुधाच्या पैशातून म्हणून तिच्या नावानं."

"म्हैस पण आहे यादीत?"

"नाही. तिचा पॅन नव्हता."

ज्यांचा पॅन होता त्यांचा पॅन, नाही त्यांचं आधार, तेही नाही त्यांचं रेशनकार्ड, असं सगळं घरोघरच्या ट्रंकांतून काढून गुरुजींनी पोर्टलला पुरवलं होतं. बाकीची घरं शेतीवर जगणारी, कर भरायचाच नाही, म्हणून सूट कुणी मागितली नव्हती आणि हा सगळा स्वर्गवास सुखात चालला होता. अण्णांनी मागितली, आणि खात्यानं मान वर करून पाहिलं.

यावर उपाय आहे. चुकलेली यादी ट्रस्टला दुरुस्त करून पुन्हा भरता येते. अण्णांचं नाव, अण्णांचा पॅन, की नवं सर्टिफिकेट निघतं. काम दहा मिनिटांचं. मी अण्णांना तसं सांगितलं, विजयी मुद्रेनं, टेबलावर हात आपटून.

अण्णांचं तोंड आणखी उतरलं.

"जमणार न्हाय, अक्का."

"का?"

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "अव्वाम्होरं हात ठिवून सांगितलोय. अप्पांच्या दानावर माझं नाव घालणार न्हाय म्हणून."

लिंगायत माणसानं इष्टलिंगावर हात ठेवून दिलेला शब्द. त्यावर माझ्याकडं कुठलंही कलम नव्हतं. मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

"अव्वा कुठं असतात?"

"गावात."

"मग मी येते."

तीस दिवसांतले वीस संपलेले असताना मी गडहिंग्लजची एसटी धरली. कोल्हापुरातून आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्याला जायचं तर वाटेत थोडं कर्नाटक ओलांडावं लागतं. माझ्या शेजारी एक पावणं बसले होते. निपाणी येईपर्यंत मी त्यांचं रिटर्न भरून टाकलं, संकेश्वर येईपर्यंत त्यांच्या जावयाचं. गडहिंग्लजला उतरताना कंडक्टर म्हणाला, "मॅडम, माझं बी बघा की." मी कार्ड दिलं. अण्णा जीप घेऊन उभे होते. जीपमध्ये मिरची. गावापर्यंत मी एकशे बारा शिंका दिल्या. मोजल्या नाहीत, पण कमी नव्हत्या.

अव्वा सोप्यावर बसल्या होत्या. गंगव्वा. कपाळाला विभूती, डोक्यावर पदर, आणि नजर अशी की मी वर्षानुवर्षं आयकराच्या साहेबांपुढं उभी राहिले, पण पदर सावरला तो इथं.

भिंतीवर मल्लाप्पांचा फोटो होता. त्याला हार. आणि फोटोच्या शेजारी, त्याच उंचीवर, आणखी एक चौकट लटकत होती. तिलाही हार. मी जवळ जाऊन पाहिलं. इन्कम टॅक्सचं पत्र. लॅमिनेट केलेलं. वर विभूतीचे तीन पट्टे.

"अण्णा, मग माझ्याकडं काय आणलं होतं?"

"झेरॉक्स."

"मॅडम म्हंजे तूच व्हय?" अव्वांनी विचारलं. "बस. च्या घे."

मी बसले. नाईक गुरुजीही आले, काखेत लॅपटॉप आणि पावतीपुस्तक. मी सुरुवात केली.

"अव्वा, ते पत्र चांगलं नाही."

"का? शिव्या दिल्यात व्हय त्यात?"

"शिव्या नाहीत."

"मग? 'श्री' लिवलंया. गुरुजींनी वाचून दावलं. जित्तेपणी बॅंकेतला शिपाईबी मालकांस्नी श्री म्हनला न्हाय. सहा वर्सांनी सरकारनं याद केली."

"अव्वा, त्यात विचारलंय की चार लाख दिले, मग रिटर्न का भरलं नाही."

"मग भर की. तुझंच काम न्हवं ते?"

"गेलेल्या माणसाचं पुढचं रिटर्न भरता येत नाही. त्यांचं उत्पन्न नाही. खातं नाही. सही नाही."

"नाव तर हाय."

माझ्या धंद्यात मला गप्प बसवणाऱ्या दोनच गोष्टी झाल्या. एक जुलैत अडकलेलं पोर्टल, आणि दुसरी ही बाई. मी चहाचा घोट घेतला. मग सगळी ताकद लावून नियम सांगितला: खातं बघतं की पैसे कुणाच्या खात्यातून गेले. अण्णांच्या. म्हणून सर्टिफिकेट अण्णांच्या नावानं पाहिजे. नाहीतर रिफंड नाही. रिफंड नाही तर मशीन नाही.

अव्वांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे माझ्या मालकाचं दान माझ्या पोरानं घ्यायचं."

"घ्यायचं नाही, अव्वा. नुसतं कागदावर."

"कागदावर तरी का? दवाखान्यात पाटी लावाल मालकांची, मला ठावं हाय. पाटी गावातली मानसं वाचत्यात. त्येंस्नी मालक म्हाईतच हैत. सरकारला कुठं म्हाईत? त्येंच्या कागदात एकडाव नाव आलंया, ते तू पुसाय आलीस."

अण्णा म्हणाले, "अव्वा, मशीन—"

"तू गप. हात ठिवलास न्हवं?"

गुरुजींनी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. "पावतीवर दोन्ही लिहू, अव्वा. 'शिवानंद यांजकडून, लिंगैक्य मल्लाप्पा यांच्या स्मरणार्थ.' सुंदर अक्षरात."

"ती तुमची पावती. सरकारच्या कागदावर?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्या फॉर्मात सतराशे साठ रकाने आहेत. 'स्मरणार्थ' नावाचा रकाना नाही.

बाहेर मिरच्या वाळत पडल्या होत्या. मी दुरुस्तीच्या फॉर्मसाठी म्हणून अण्णांकडं त्यांचं पॅन कार्ड मागितलं. खरं सांगायचं तर हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. कार्डावर नाव वाचलं. यावेळी मी नाव वाचलं.

मग उठले आणि अव्वांच्या शेजारी जाऊन बसले.

"अव्वा, हे अण्णांचं सरकारी कार्ड. यावर काय लिहिलंय बघा."

"मला इंग्लिश येत न्हाय."

"गुरुजी, तुम्ही वाचा. मी वाचलं तर म्हणतील शहरातली बाई फसवते."

गुरुजींनी चष्मा लावला, उभे राहिले, आणि शाळेत हजेरी घ्यावी तसं वाचलं. "शिवानंद मल्लाप्पा मगदूम."

"पुढची ओळ."

"वडलांचं नाव: मल्लाप्पा बसाप्पा मगदूम."

"ह्ये सरकारनं छापलंया?" अव्वांनी विचारलं.

"सरकारनंच," मी म्हणाले. "एकाच कार्डावर दोन वेळा. नव्या सर्टिफिकेटवर नाव पडेल ते असंच. शिवानंद मल्लाप्पा मगदूम. मल्लाप्पांना काढून अण्णांचं नाव लिहिताच येत नाही, अव्वा. मधे ते बसलेलेच आहेत."

अव्वांनी कार्ड हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. गुरुजींनी कुठल्या अक्षरांवर मल्लाप्पा आहेत ते बोटानं दाखवलं. त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.

"आन् ह्यो शिवानंद?" त्या म्हणाल्या. "ह्ये नाव तरी कुनी ठिवलं? मालकांनीच की. मला बसवराज पायजे हुतं."

"म्हंजे अव्वा..." अण्णा पुढं सरकले.

"तुझं एकट्याचं नाव घालायचं न्हाय, असा शबूद हुता. एकट्याचं कुठं हाय? घाला." मग गुरुजींकडं वळून, "पर पुरतं लिवा. तुमची ती शाळेतली सवय, शि. म. मगदूम, तसलं चालनार न्हाय."

गुरुजींचं बोट कीबोर्डवर खरंच 'एस' नंतर टिंबावर गेलं होतं. ते झटक्यात मागं आलं.

दुरुस्तीची यादी तिथंच सोप्यावर बसून भरली. रेंज कर्नाटकाची येत होती, त्यामुळं लॅपटॉप धरून अण्णांना कट्ट्यावर उभं केलं. नवं सर्टिफिकेट निघालं तेव्हा अव्वांनी ते स्क्रीनवर पाहिलं, गुरुजींकडून पुन्हा वाचून घेतलं, आणि मगच मला जेवायला वाढलं. भाकरी आणि मिरचीचा खर्डा. तो खर्डा खाल्ल्यावर मला काही काळ भूतकाळ, भविष्यकाळ आणि आयकराची सगळी कलमं एकदम दिसली.

राहिलं होतं मल्लाप्पांचं पत्र. त्याला उत्तर द्यायला पाहिजे होतं. गेलेल्या माणसाच्या वतीनं वारसाला पोर्टलवर नाव नोंदवता येतं. मृत्यूचा दाखला आणि वारसाचा दाखला जोडायचा, मंजुरी आली की उत्तर लिहायचं. मी कागद गोळा करत असताना अव्वांनी विचारलं, "काय लिवनार?"

"करदाते मयत आहेत, देणगी मुलाच्या खात्यातून दिली."

"एवढंच?"

"एवढंच विचारलंय, अव्वा."

"असं कोरडं नगं लिवू, बाई. एवढं श्री घालून पत्र धाडलंया त्येंनी. लिही की, मानूस चांगला हुता."

आता हल्ली सगळं फेसलेस आहे. म्हणजे आपलं प्रकरण देशात कुठल्या गावातला कोण साहेब बघतो ते आपल्याला कळत नाही, त्याला आपला चेहरा दिसत नाही. पूर्वी समोर बसून चहा घेत सांगता यायचं. आता एक छोटासा चौकोन, त्यात काय ते टाइप करायचं. मंजुरी आल्यावर मी कोल्हापुरात बसून त्या चौकोनात लिहिलं: करदाते मयत. देणगी मुलाच्या खात्यातून, दुरुस्त सर्टिफिकेट जोडलं आहे. माणूस चांगला होता.

असिस्टंटनं माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, हे शेवटचं?"

"अव्वांच्या सांगण्यावरून," मी म्हणाले, आणि सबमिट दाबलं. अण्णांचं रिटर्नही नव्या नंबरानं दुरुस्त करून त्यांच्या नोटिशीला उत्तर दिलं. अठ्ठाविसावा दिवस.

मल्लाप्पांचं प्रकरण बंद झाल्याचं आधी कळलं. खात्यानं शेवटच्या वाक्यावर आक्षेप घेतला नाही. अण्णांची सूट मान्य झाली तो दिवस मला आठवतो, कारण फोनवर ते इतक्या मोठ्यानं ओरडले की मलाच फोन लांब धरावा लागला, आणि माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. मान्यतेचा कागद पाहून डीलरनं मशीन आणखी पंधरा दिवस धरून ठेवलं. त्याच्या आत रिफंड आला.

मशीन बसलं त्या दिवशी मी पुन्हा गेले. खोलीत फोटो, पंखा आणि मशीन. पहिला आलेख कुणाचा काढायचा यावर चर्चा चालली होती. मी तेवढ्यात गुरुजींना आठवण करून दिली की उरलेल्या छत्तीस कैलासवासींची यादी अजून दुरुस्त करायची आहे, आणि त्यासाठी छत्तीस घरी जाऊन जिवंत माणसांचे कागद मागावे लागतील. गुरुजी मटकन खाली बसले. म्हणून पहिला ईसीजी त्यांचाच निघाला. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, अक्षरासारखं.

अण्णांनी माझी फी विचारली. चूक निम्मी माझी होती, नाव मीच वाचलं नव्हतं. फी कशी घेणार? उलट मीच म्हणाले, माझ्याकडून दवाखान्याला थोडी देणगी. फोनवरून तिथल्या तिथं पाठवली. गुरुजींनी पावतीपुस्तक उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि आता शहाण्या झालेल्या माणसाच्या सावधपणानं विचारलं, "नाव काय लिहू, मॅडम? पूर्ण सांगा."

मी तोंड उघडलं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांना कुणी श्री म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझ्या तोंडून त्यांचं नाव बाहेर पडलं.

गुरुजींनी पेन थांबवलं. "ते हयात—?"

"नाहीत."

"मग सूट?"

"लिहा हो."

अव्वा फोटोखाली बसल्या होत्या. त्या पदराआड हसल्या.

तेव्हा वाचकहो, फी न घेता सांगते. पैसे ज्याच्या खात्यातून गेले, पावती आणि सर्टिफिकेट त्याच्याच नावानं घ्या, नाव पूर्ण लिहा, आणि पाठवण्याआधी ते एकदा वाचा. नियम साधा आहे. मी तो दरवर्षी शेकडो लोकांना ओरडून सांगते, कळंब्यापर्यंत ऐकू जाईल असा.

माझ्या त्या पावतीवर सूट मिळत नाही. परवाच लॅमिनेट करून आणली.